पऱ्हाटीचा धूर

आज गावी, यवतमाळ जिल्ह्यात. बाबांनी वावरात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग पेटवला. ज्या कार्बन डायऑक्साईडमागे मी बारा वर्षं प्रयोगशाळेत आहे, तो डोळ्यांदेखत वर चालला होता.

सांगितलं त्यांना, हाच वायू हायड्रोजनसोबत तांबं आणि झिंक ऑक्साईडवरून २५० अंशांच्या आसपास, ५० ते १०० बार दाबाखाली नेला की मिथेनॉल हे द्रव इंधन मिळतं. 

"मंग तांबं सरते का?" 

किती नेमका प्रश्न! तांबं इथं उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया वेगानं घडवणारा. तो सरत नाही, पण थकतो. उष्णतेनं तांब्याचे बारीक कण चिकटून मोठे होतात, अभिक्रियेत तयार होणारं पाणी त्याला आणखी घाई करतं. माझी वर्षं त्या कणांना वेगळं ठेवण्यात गेली.

"अन् हायड्रोजन कुठून आनतं तू?" 

पाणी फोडून, विजेवर, म्हटलं. 

बाबा गप्प झाले. आमच्या पंपाला वीज रात्री येते.