छप्पर उघडणारे मित्र

आमच्या शाळेचा महोत्सव आहे. त्या निमित्तानं शाळेनं काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी तीन मित्रांची नावं घेतो. इथं मात्र नावं लिहीत नाही. दोघांना ते आवडायचं नाही आणि तिसऱ्याला आता विचारता येत नाही. तसंही बोर्डिंगात आम्ही एकमेकांना गावावरूनच हाका मारायचो. एक कोडोलीचा, एक आजऱ्याचा, एक गडहिंग्लजचा. मी कोल्हापुरातल्या शाहूपुरीतला, म्हणजे रात्री घरी झोपायला जाणारा. पण संध्याकाळचा अभ्यास आणि शनिवारची भांडणं बोर्डिंगातच. कोडोलीचा आणि मी ख्रिस्ती घरातले. आजऱ्याच्याला देवाधर्माचं फारसं नव्हतं, त्याला फुटबॉल पुरायचा. गडहिंग्लजचा वारकरी घरातला, गळ्यात तुळशीची माळ. सकाळच्या प्रार्थनेला तो आमच्याबरोबर डोळे मिटून उभा राहायचा आणि एकादशीला बोर्डिंगातल्या मावशी त्याच्यासाठी वरीचे तांदूळ वेगळे शिजवायच्या.

आम्हा चौघांना एकत्र बांधलं ते शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या तासानं. बाई कधी उपदेश करायच्या नाहीत, प्रश्न विचारायच्या. कफर्णहूम गावातल्या पक्षघाती माणसाची गोष्ट होती. घरात येशू बोलतोय, दारात मुंगी शिरायला जागा नाही, म्हणून चौघं त्या माणसाला बाजेसकट वर नेतात आणि छपरातून खाली सोडतात. बाईंनी फळ्यावर ते घर काढलं : जाड भिंती, बाहेरून जिना, वर तुळया, तुळयांवर फांद्या आणि चोपलेली माती. येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांपैकी मार्क म्हणतो छप्पर उकरलं, लूक म्हणतो कौलं काढली. कौलं म्हटल्याबरोबर वर्ग जागा झाला. पावसाआधी घर शाकारताना एक कौल निसटलं तरी खालून केवढा आरडाओरडा होतो, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. "घरमालक काय म्हणाला असेल?" बाईंनी विचारलं. आजऱ्याचा म्हणाला, "बाई, मालकाचं ऱ्हाऊ द्या, खाली बसलेल्यांच्या डोळ्यांत माती गेली असंल की!" त्यावर बाई मनापासून हसल्या. मग त्यांनी विचारलं, "येशूनं कुणाचा विश्वास बघितला?" सगळे म्हणाले, आजाऱ्याचा. बाईंनी तेवढंच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. तिथं लिहिलंय, त्यांचा. त्या उचलून आणणाऱ्यांचा. बाजेवरचा माणूस सगळ्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. आणि ज्यांनी छप्पर उघडलं त्यांची नावं शुभवर्तमानात कुठंही नाहीत.

त्या वयात परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. त्याचा अर्थ माझी धाकटी बहीण गेली तेव्हा लागला.

तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात सगळं संपलं. नुकतंच तिचं लग्न ठरलं होतं. दफनविधीनंतर घरी माणसांची रीघ लागली. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे आले, वचनं वाचून गेले, देवाची इच्छा म्हणाले. त्यांच्या मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या आतला आवाजच बंद झाला होता. रविवारी उपासनेची घंटा व्हायची आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो. लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना 'आमच्या स्वर्गातील पित्या'च्या पुढं सरकायची नाही.

कोडोलीचा तेव्हा गावाकडंच शिक्षक होता. दर रविवारी पहिल्या एसटीनं यायचा. आईजवळ स्वयंपाकघरात बसून चहा घ्यायचा, मग एकटाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन माझ्या नेहमीच्या बाकावर बसून यायचा. मला कधी चल म्हणाला नाही, का येत नाहीस असंही विचारलं नाही. दुपारी माझ्याबरोबर जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. एकदा मीच म्हणालो, "माझ्यानं प्रार्थना होत नाही रे." ताटावरनं नजर न उचलता तो म्हणाला, "नको करूस. तुझ्या वाटणीची मी करतोय. तू फकस्त जेव."

बायबलमधल्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. लोक त्यांना नावं ठेवतात ती पुढच्या भाषणांसाठी. ते सात दिवस मात्र खऱ्या मित्रांचे होते, असं माझं ठाम मत आहे. माझ्या मित्रानं ते सात दिवस कित्येक महिने चालू ठेवले.

आजऱ्याचा संध्याकाळी यायचा आणि रंकाळ्यावर फिरायला ओढून न्यायचा. पेठांच्या संघांचे सामने, कुणी पेनल्टी घालवली, कोण कुठल्या तालमीकडं गेला, हेच बोलणं. गडहिंग्लजचा आषाढीला पंढरपूरला गेला होता. परत आल्यावर सरळ आमच्या घरी आला आणि आईला म्हणाला, "काकी, ताईचं नाव घेऊन आलोय तिथं." आईनं त्याला जवळ घेतलं. आमच्यातल्या काहींना हे रुचणार नाही, ते मी समजू शकतो. माझा विश्वास ख्रिस्तावर आहे आणि त्यात मला मिसळ करायची नाही. पण त्या माणसानं माझं दुःख आपल्या देवापुढं इतक्या लांब वाहून नेलं, त्याच्या निष्ठेला कमी लेखायला माझं मन तयार नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्या दरबाराची ओढ काय असेल, हे मला आमच्या स्वयंपाकघरात कळलं.

पुढं एका रविवारी एसटी यायच्या आधीच मी आंघोळ करून तयार होतो. एवढंच. तोही काही बोलला नाही. दोघं मिळून गेलो.

आमच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये बसलं की मला अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर आठवतात. ते 1852 मध्ये कोल्हापुरात आले. ज्या मंडळानं पाठवलं त्यानं पुढं पाठबळ काढून घेतलं, तरी ते स्वतःच्या जबाबदारीवर परत इथंच आले. 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळानं काम हाती घेईपर्यंत त्यांनी एकट्यानं ते रेटलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथलाच जन्मलेला. पुढं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीत त्याचं मोठं नाव झालं. आपण हा इतिहास कार्यक्रमात वाचून दाखवतो तेव्हा तारखांवर भर देतो. मला त्यात, कुणी पाठीशी नसताना परत येणारा माणूस दिसतो.

2019 च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी केव्हाच मागं टाकली आणि शाहूपुरीत आमच्या गल्लीत पाणी शिरलं. कोडोलीचा रस्ते बंद व्हायच्या आदल्या रात्रीच येऊन बसला होता. आईला चालवत नव्हतं. आम्ही तिला खाटेसकट उचललं. दोन कोपरे आम्ही धरले, दोन शेजारच्या पोरांनी. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा आई म्हणाली, "अरे, मला कफर्णहूमला नेताय काय?"

दोन वर्षांनी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. दफनाला मोजकीच माणसं चालत होती. आम्ही तिघं फाटकाबाहेर थांबलो.

बायबलमधल्या योनाथानाविषयी, शौल राजाच्या मुलाविषयी बोलताना आपण त्यानं मित्राला, दावीदाला दिलेला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद सांगतो. राजगादीवर ज्याचा हक्क त्यानंच ते दिलं, म्हणून ते मोठंच आहे. पण मला त्याच्यानंतरचा भाग अधिक जवळचा वाटतो. योनाथान रणात पडल्यावर कित्येक वर्षांनी, राजा झालेला दावीद विचारतो, त्याच्या घराण्यातलं कुणी उरलंय का? तेव्हा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ सापडतो, दोन्ही पायांनी अधू. त्याला राजाच्या पंक्तीला कायमची जागा मिळते. मैत्रीची निष्ठा मित्राच्या हयातीपुरती धरायची नसते, हे तिथं दिसतं.

कोडोलीच्याची मुलगी तेव्हा बारावीत होती. आता मिरजेला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गडहिंग्लजच्याचा मिरचीचा व्यापार आहे. फीचं तो बघतो आणि हिशोब विचारला की चिडतो. आजऱ्याचा सुगी झाली की घनसाळ तांदळाचं पोतं पाठवतो. सुट्टीच्या रविवारी मुलगी रेल्वेनं येते आणि आमच्याकडं जेवते. बाप गेल्यापासून ती देवळात येत नाही. पाळकसाहेबांनी एकदा माझ्याकडं चौकशी केली. मी त्यांना सांगितलं, तिच्या वाटणीची प्रार्थना चालू आहे. हे तिलाही माहीत आहे. मागं एकदा ताटावर बसताना तिनं स्वतःच विचारलं, "काका, आज केली काय माझी?" मी हो म्हणालो आणि तिला भात वाढला.

परीक्षा झाली की तिला कोल्हापुरातच नोकरी हवी आहे, आजी एकटी असते म्हणून. आपल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, दवाखाने चालवणारे आहेत. कुणाला चांगली जागा कळली तर शाळेच्या कचेरीत चिठ्ठी ठेवावी. महोत्सवाच्या तिन्ही दिवशी आम्ही तिघांपैकी कुणीतरी तिथं असणार आहे.