आमचा बांध फुटला नाही : आमची वाटचाल

आमच्या गाळ काढायच्या लाईनमधला कोणी भेटला की पहिला प्रश्न २०१९चाच विचारतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो, कारण तेव्हा आमच्या बांधाला गळती लागलीय, कधीही फुटणार असं व्हॉट्सॲपवर जे फिरलं ते आजही काही लोकांच्या मोबाईलमध्ये आहे आणि आमची बाजू कोणाच्याच मोबाईलमध्ये नाही.

आमचं काम म्हणजे ड्रेजरने, म्हणजे पाण्याखालचा गाळ पाईपाने ओढणाऱ्या मशीनने, काढलेला गाळ साठवायचा मातीचा बांध. स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पैशाने बांधलेला. नाशिक जिल्ह्यात मशीनवाले शंभर मिळतील, पण काढलेला गाळ ठेवायला जागा देणारा आम्ही सुरुवात केली तेव्हा मला तरी कोणी माहीत नव्हता.

सुरुवात २०१२-१३च्या दुष्काळातली. तेव्हा तळी, पाझर तलाव, केटी वेअर सगळे कोरडे, पोकलेन भाड्याने घ्यायचा, गाळ भरायचा, शेतकरी स्वतःचे ट्रॅक्टर घेऊन लाईनीत उभे. पुढे २०१७ला सरकारने गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आणली, चांगलीच योजना आहे, पण त्यात इतके डंपरवाले उतरले की रेट एकदम खाली आले. आणि ते सगळं काम कोरड्या तळातलं. जॅकवेलच्या, म्हणजे पाणीपुरवठ्याचं पाणी उचलायच्या विहिरीच्या, तोंडाशी किंवा कारखान्याच्या साठवण तलावात बारा महिने पाणी असतं, पाणी उपसता येत नाही, पुरवठा बंद करता येत नाही, तिथे पोकलेन काय करणार. तिथे सक्शन ड्रेजरच लागतो. आणि ड्रेजरच्या पाईपातून गाळ येत नाही, गढूळ पाणी येतं, शंभरात दहा-वीस भाग माती धरा, बाकी पाणीच. ते ओतायचं कुठे? हा प्रश्न कोणी मशीन घेताना विचारतच नाही. ज्यांना या धंद्यात यायचंय त्यांना माझं सांगणं आहे, आधी जागा बघा मग मशीन बुक करा, मशीन भाड्याने केव्हाही मिळतं.

जागा निफाड तालुक्यात, गोदावरीच्या वरच्या अंगाला, माळरान आणि मुरमाड, पीक कधी आलंच नाही तिथे. लाल पूररेषेच्या बाहेर आहे हे आधी मोजून घेतलं, म्हणजे शंभर वर्षांतला पूर आला तरी पाणी तिथे चढत नाही. त्यामुळे मधे बूस्टर पंप लावावा लागतो आणि डिझेल जातं, पण ते जाऊ दे. नदीकाठी फुकट जागा मिळत होती, नको म्हटलं.

पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक सेक्शन इंजिनियर होते, त्यांना आम्ही साहेबच म्हणायचो, सगळी आयुष्याची नोकरी मातीच्या धरणांवर झालेली. गंगापूर धरण मातीचंच आहे, १९६५पासून उभं आहे आणि नाशिक शहर त्याचं पाणी पितं, तेव्हा मातीचं म्हणजे कच्चं असं कोणी बोललं की साहेब चिडायचे. त्यांनी जसं सांगितलं तसंच केलं. खाली कठीण थर लागेपर्यंत खंदक, त्यात आणि मधल्या गाभ्यात काळी चिकण माती, दोन्ही बाजूंनी मुरमाचं कवच, आतला उतार अडीचास एक (अडीच फूट आडवं, एक फूट उभं), बाहेरचा दोनास एक, आतून दगडाचं पिचिंग आणि बाहेरच्या पायथ्याला रॉक टो, म्हणजे झिरपलेलं पाणी बाहेर यायला दगडांचा पायथा. तिथे आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी, मग दगड, हा क्रम बदलायचा नाही.

आणि रोलर. शीपफूट रोलर, म्हणजे माती दाबायचा दातांचा रोलर, जुना घेतला होता, आजही आहे, रंग गेला पण एक दात झिजू दिला नाही, वेल्डिंग करून करून ठेवलाय. नऊ इंचाच्या वर लेअर टाकायचा नाही, पाणी मारायचं ते मातीचा मुठीत गोळा वळला पाहिजे आणि हाताला चिकटता कामा नये इतकंच, मग रोलर, मग कोअर कटर (मातीचा नमुना काढायची नळी) ठोकून डेन्सिटी, म्हणजे माती किती घट्ट बसली ते. प्रॉक्टरच्या, म्हणजे लॅबमध्ये त्याच मातीची जास्तीत जास्त येते त्या डेन्सिटीच्या, ९५ टक्क्यांच्या खाली आली की तो लेअर उचकटून परत. डंपरवाले वैतागायचे, त्यांना खेपा मारायच्या असतात. आजकाल लोक पोकलेनच्या बकेटने माती थापटतात आणि म्हणतात झालं कॉम्पॅक्शन. याला बांध म्हणत नाहीत, याला ढीग म्हणतात.

आतलं काम बाहेरच्याला दिसत नाही. पाईपाच्या तोंडाशी जाड वाळू लगेच बसते, बारीक माती लांब जाते, म्हणून पाणी बाहेर सोडायचा बॉक्स पाईपाच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात पाहिजे. बॉक्सला फळ्या असतात, गाळ वर येईल तशी एकेक फळी चढवायची म्हणजे वरचं निवळलेलं पाणीच जातं. घाईत एकदम दोन फळ्या काढल्या की गढूळ पाणी सुटलंच समजा. बॉक्समधून निघणारा पाईप बांधाच्या पोटातून जातो आणि बांधाची खरी नाजूक जागा तीच, कारण पाणी पाईपाच्या आतून नाही तर बाहेरच्या अंगाने वाट काढतं. १९६१ला पानशेत गेलं तेसुद्धा पाणी सोडायच्या मोरीवरचा भराव खचत गेला म्हणून, साहेब हे दर वेळी सांगायचे. आमच्या पाईपाला काँक्रीटच्या कॉलर आहेत आणि त्याच्या भोवतीची माती मशीनने नाही, हाताने धुमसून बसवली आहे. आणि हो, सुकत आलेल्या गाळावर कोणीही चालू नका. वर साय धरते, खाली दूधच असतं. आम्ही चारही बाजूंनी तारेचं कुंपण केलंय ते त्याच्यासाठी, गुरांसाठी आणि पोरांसाठी.

पहिला गाळ सुकला तेव्हा घ्यायला कोणी तयार नव्हतं. ड्रेजरचा गाळ म्हणजे घाण अशी समजूत. तेव्हा दिंडोरी तालुक्यातले आप्पा आले, द्राक्षवाले, डोंगरउताराची हलकी मुरमाड जमीन. आप्पांनी गाळाचा वास घेतला, बोटांत चुरला आणि म्हणाले, "भाऊ, आधी तपासून आण, मग बोलू." रिपोर्ट आणला, पीएच, ईसी (क्षारांचं माप), चिकण मातीचं प्रमाण सगळं. क्षार कमी निघाले तसं त्यांनी एका प्लॉटला घातला, सगळ्या बागेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या प्लॉटला पाणी कमी लागलं हे त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं, आम्ही न सांगता. त्यानंतर दर वर्षी पहिली गाडी आप्पांची.

आता २०१९. त्याच्या आधीपासून एक ठेकेदार पार्टी आमच्या मागे होती, नाव घेत नाही, लाईनमधल्यांना माहीत आहे. त्यांची पद्धत अशी की गाळ काढायचा आणि तिथेच काठावर निळ्या पूररेषेच्या आत, जिथे नदीचं पाणी चढतंच, टाकून द्यायचा. जागेचा खर्च नाही, बूस्टर नाही, बांध नाही, मग रेट आमच्या निम्मा येणारच. टेंडर उघडलं की एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाले, तेच. गाळ कुठे टाकणार हे बिलात कोणी विचारत नाही, काढला किती तेवढंच बघतात.

त्या वर्षी २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, सगळा महाराष्ट्र हादरला. मातीचं धरण म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येत होता आणि ते बरोबरच होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला गोदावरीला मोठा पूर आला, सायखेडा, चांदोरी पाण्यात. पाऊस थांबत नव्हता आणि आमच्या रॉक टोमधून पाणी वाहत होतं. वाहणारच, त्यासाठीच ते बांधलंय, आत झिरपलेलं पाणी मातीला धक्का न लावता बाहेर यावं म्हणून. तेवढ्यात कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, खाजगी धरणाला गळती, कधीही फुटणार. तो व्हिडिओ पहिल्यांदा कोणाच्या ग्रुपवर पडला ते मला माहीत आहे, त्या पार्टीच्या सुपरवायझरच्या.

दोन तासांत खालच्या वस्तीतले लोक आले, मग अधिकारी आले. लोकांवर माझा अजिबात राग नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीपण आलो असतो. साहेबांना बोलावलं, त्या वयात छत्री घेऊन आले. त्यांनी टोमधलं पाणी काचेच्या बाटलीत भरलं आणि सगळ्यांसमोर कट्ट्यावर ठेवलं. सकाळपर्यंत तळाला चिमूटभर माती बसली नव्हती. पायथ्याच्या चरात आमचं व्ही-नॉच आहे, झिरपणारं पाणी मोजायची खाच, त्याचं रजिस्टर दाखवलं, पाऊस वाढला तसं पाणी वाढलं, उतरला तसं उतरलं. स्वच्छ पाणी येतंय आणि पावसाबरोबरच वाढतंय-उतरतंय तर बांध श्वास घेतोय, गढूळ यायला लागलं तर आतून माती चाललीय, मग एक मिनिट थांबायचं नाही, वस्ती आधी हलवायची. ज्याच्या गावाजवळ मातीचा बांध आहे त्या प्रत्येकाला एवढं माहीत पाहिजे, शाळेत शिकवायला पाहिजे खरं तर.

बांधाला काही झालं नाही. धंद्याला झालं. अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलं काम बंद ठेवा, लेखी कधीच दिलं नाही, त्यामुळे दाद मागायची कुठे. ज्यांचं काम चालू होतं त्यांनी आरए बिल (चालू कामाचं बिल) अडकवलं, रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले पैसे, तर आजपर्यंत नाही दिलं. ड्रेजरचं भाडं, बँकेचा हप्ता, पोरांचे पगार. एक हायवा डंपर विकला, मग बूस्टर पंप गहाण. त्या दिवाळीला आप्पा आले आणि पुढच्या हंगामाच्या गाळाचे पैसे टेबलावर ठेवले, गाळ अजून ओलाच होता, त्यांना गरजही नव्हती. "बागेचं राहू दे, रोलर विकू नको" एवढंच म्हणाले.

आणि त्या पार्टीने काठावर टाकलेला गाळ? तो त्याच पुरात परत नदीत गेला. पुढच्या वर्षी तिथलाच गाळ काढायचं टेंडर परत निघालं, परत त्यांनीच घेतलं, त्याच गाळाचं दुसऱ्यांदा बिल. त्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा शंभर वर्षांहून जुना, गाळाने किती भरलाय ते निफाडच्या माणसाला सांगायला नको. तिथे आता पक्षी आहेत, २०२०ला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, चांगलंच झालं. पण वरून आपणच गाळ परत सोडत राहायचं हे कसं चालतं?

त्यानंतरची वर्षं नीट गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. कामं परत मिळाली, दुसरा कप्पा बांधला, साहेब तो बघून गेले. २०२१ला धरण सुरक्षा कायदा आला, तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना आणि काही अटींवर १० मीटरपासून पुढच्यांना लागतो, आमचा बांध त्याच्या पुष्कळ खाली आहे, तरी पावसाळ्याआधी आणि नंतर इन्स्पेक्शन करून फोटोसकट रजिस्टर ठेवतो. बांधावर बाभूळ उगवली की त्याच आठवड्यात काढतो, मुळं कुजली की पाण्याला आयता बोगदा मिळतो. घुशीचं बीळ दिसलं तर वरून माती लोटून भागत नाही, खणून परत धुमसावं लागतं. आणि कामाच्या आधी आणि नंतर पाण्याखालच्या तळाच्या लेव्हल दोन्ही बाजूंच्या सहीने घ्या, पंपाच्या तासांवर बिल करायला कधीच हो म्हणू नका.

आता २०२७च्या सिंहस्थाची कामं निघाली आहेत, ती पार्टीपण आहेच रांगेत, रेट पण तोच निम्मा. आम्ही आमच्या कोटेशनमध्ये आता पहिल्याच पानावर लिहितो की गाळ कुठे ठेवणार, पूररेषेचा नकाशा जोडून.

यंदाचा गाळ दिवाळीनंतर तयार होईल, कडेने चर मारून पाणी काढणं चालू आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी आधी स्वतःच्या जमिनीचा माती परीक्षण रिपोर्ट घेऊन या. आधीच भारी काळी जमीन असेल तर आम्ही देत नाही, पाणी धरून मुळं सडतात. गाडी तुमची, भरून आम्ही देतो. पहिली गाडी आप्पांची, दुसरीपासून नंबर लावतोय.