मृत्यूचे कारण: वाहनाची धडक?

गव्हाणी घुबडाची मादी शवविच्छेदनाच्या टेबलावर आली तेव्हा सोबतच्या कागदावर 'वाहनाची धडक' असे आधीच लिहून आले होते. रस्त्याकडेला सापडलेला पक्षी गाडीनेच मेला, असे धरून चालायची आमच्या क्षेत्रात सवयच लागली आहे, आणि ती मला छळते.

मादी उपाशी नव्हती. छातीचे स्नायू भरलेले, पोटात चरबी. उजव्या पंखातले एक हाड मोडलेले, लगतचे शाबूत. एवढ्याने घुबड मरत नाही. पण कातडी सोलली तर मोडलेल्या जागेपासून थेट छातीपर्यंत रक्तच रक्त. गुठळी कुठेच नाही. चिमटा लावला की पातळ ओघळ यायचा. जठरात अर्धवट पचलेला उंदीर होता. त्याचे आतडे उघडले, तर त्यात निळसर हिरवे कण. विषारी आमिष ओळखू यावे म्हणून त्यात घालतात, तोच रंग.

वॉरफरिन या जुन्या उंदीरनाशकाला उंदीर दाद देईनासे झाले, तेव्हा 1970च्या दशकात ब्रोडिफॅकोम, ब्रोमॅडिओलोन अशी जास्त जहाल द्रव्ये आली. रक्त गोठायला लागणारे घटक यकृतात व्हिटॅमिन 'के'च्या मदतीने तयार होतात. ही द्रव्ये ते व्हिटॅमिन पुन्हा वापरात येऊच देत नाहीत. उंदीर मरायला काही दिवस जातात. तोवर तो आमिष खातच राहतो आणि शेवटी सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाच्या तावडीत सापडतो तो नेमका असाच. ब्रोडिफॅकोम तर यकृतात महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे दर शिकारीमागे साठा वाढतच जातो.

यकृताचा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून उणे 20 अंशांवर ठेवला, मग तपासणीला पाठवला. अहवालात दोन्ही द्रव्ये निघाली. धोक्याची पातळी म्हणून किलोमागे 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम हा आकडा बरेचदा धरतात. सुटे पाहिले तर दोन्ही 0.1च्या खाली. बेरीज मात्र 0.1च्या वर. व्हिटॅमिन 'के' पुन्हा वापरात आणणाऱ्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) दोन्ही घाला घालतात, मग ती वेगळी मोजायची कशाला?

आमचे वरिष्ठ म्हणाले, "धडक बसली नसती तर ती जगली असती."

"सर, रक्त गोठत असतं तर धडक बसूनही वाचली असती," मी म्हणाले.

ते वाईट शास्त्रज्ञ नाहीत. पुराव्यापलीकडे एक शब्द लिहायचा नाही, ही शिस्त मी त्यांच्याकडूनच शिकले. पण इथे ती शिस्त विष वापरणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. शिवाय विषाने सुस्तावल्यामुळेच तिला गाडी चुकवता आली नसेल का? मेलेल्या पक्ष्यावरून हे कळायला मार्ग नाही, आणि माझे डोके तिथेच अडकून पडले आहे.

अहवालाच्या छापील फॉर्ममध्ये मृत्यूच्या कारणाला रकाना एकच. मी 'रक्तस्राव' लिहिले, बाकीचे शेऱ्यात घातले. वार्षिक तक्ता करताना शेरे कोणी मोजत नाही. म्हणून आता 'धडक' लिहून आलेल्या प्रत्येक शिकारी पक्ष्याचे यकृत मी काढून ठेवते. चाचण्यांना पैसे मंजूर झालेले नाहीत. अर्ज पुन्हा केला आहे.