तुम्ही विचारलंत म्हणून: सर्दीचा न्युमोनिया कसा झाला?

“डॉक्टर, सर्दी उतरली होती. परवा तर अंगणात खेळत होता. मग न्युमोनिया आला कुठून?”

पावसाळ्यात हा प्रश्न आया मला सारखा विचारतात. गार पाणी दिलं, पावसात नेलं, आपलंच चुकलं, असं त्यांच्या मनात असतं. तुमचं काही चुकलेलं नसतं.

न्युमोनिया करणारा न्युमोकोकस हा जंतू, म्हणजे बॅक्टेरिया, धडधाकट मुलांच्याही नाकामागे मुक्कामाला असतो. एरवी त्रास देत नाही. श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक लव असते, ती कफ सतत वर लोटत राहते. फ्लूचा विषाणू तेच अस्तर सोलतो. पेशींवरची साखर खरवडतो, त्यामुळे जंतूला चिकटायला जागा मिळते आणि खायलाही. मला अजून चकित करतं ते पुढचंच. विषाणूशी लढायला शरीर जे इंटरफेरॉन सोडतं, त्यानेच फुफ्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. म्हणून कधी कधी ताप उतरतो, दोन-चार दिवस बरे जातात आणि तो परत चढतो.

१९१८ च्या फ्लूच्या साथीतले बहुतेक मृत्यू फ्लूमागून आलेल्या अशाच न्युमोनियाचे होते. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या बाळांना न्युमोकोकसची लस दिली, तेव्हा विषाणू सापडलेल्या न्युमोनियाने दवाखान्यात भरती होणारी मुलं ३१ टक्क्यांनी घटली. लस जंतूची होती, विषाणूची नव्हे! आपल्याकडे ती २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत मिळते: दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. चुकवू नका.

“मग पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक का नाही दिलंत?” हेही विचारतात, कधी रागाने. विषाणूवर ते चालत नाही. उलट नाकातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरतात.

परत चढलेल्या तापाला मात्र मी घाबरते. बाळ शांत झोपलेलं असताना झबलं वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ज्याला तुम्ही ‘पोट उडतंय’ म्हणता, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.