व्हीआरमध्ये अवघड संभाषणाचा सराव: माझा अनुभव

हाताखालच्या माणसाला त्याची चूक तोंडावर सांगणे वर्गात शिकवता येत नाही. दोन सहकारी समोरासमोर बसून नाटक करतात, एकाला हसू फुटते आणि सराव तिथेच संपतो. म्हणून आम्ही व्हीआरकडे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जगाकडे वळलो. मात्र संभाषणाची संहिता तयार होईपर्यंत हेडसेट खोक्यातच राहू द्यावेत, असे मी सांगेन.

प्रसंग एकच घ्यावा. अहवाल वारंवार उशिरा देणारा कर्मचारी, 5 टप्पे, प्रत्येक टप्प्यावर 3 उत्तरे. प्रत्येक उत्तरातून फुटणाऱ्या फांद्या मोकळ्या सोडल्या तर 243 शेवट लिहावे लागतात, तेवढे कोण लिहिणार? त्यामुळे प्रत्येक टप्प्यानंतर त्या पुन्हा एकत्र आणायच्या आणि पुढे न्यायचा तो फक्त समोरच्याचा पारा: शांत, दुखावलेला किंवा चिडलेला. एक उत्तर उघड चुकीचे ठेवले की लोक परीक्षेसारखे बरोबर उत्तर हेरतात. ‘तुम्ही नेहमीच उशीर करता’ आणि ‘या महिन्यात 3 अहवाल मुदतीनंतर आले, त्यामुळे पुढचे काम खोळंबले’ ही दोन्ही वाक्ये वाचताना रास्तच वाटली पाहिजेत. फरक कळावा तो पात्राच्या चेहऱ्यावर. पहिल्या वाक्यावर त्याची नजर टेबलाकडे जाते, खांदे आकसतात, उत्तर ‘बरं, बघतो’ एवढेच येते.

उत्तर नुसते बोट दाबून निवडू देऊ नये, पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायला लावावे. आवाज नेमका कुठे चढतो, हे त्याशिवाय कळत नाही.

हेडसेट चढवताना आधी बघायचे ते डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर. मेटा कंपनीच्या क्वेस्ट 2 या हेडसेटवर भिंगांचे 3 थांबे आहेत: 58, 63 आणि 68 मिलिमीटर. ते चुकले की चित्र धूसर, डोळ्यांवर ताण, आणि खापर व्हीआरवर. प्रसंगात चालणे ठेवूच नये; डोळे सांगतात शरीर हलते आहे, आतला कान सांगतो बसलेले आहे, यातूनच मळमळ होते. चाके नसलेली खुर्ची द्यावी. 12 ते 15 मिनिटे पुरेत. भिंगे कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसावीत, अल्कोहोलने त्यांचा लेप जातो. हेडसेट खिडकीत ठेवू नये, भिंगातून आलेले ऊन आतला पडदा जाळते. प्रसंगाचा मजकूर आदल्या दिवशीच हेडसेटवर डाउनलोड करून घ्यावा. 10 हेडसेटनी एकदम मागितला की वाय-फाय मान टाकते.

या सगळ्याचे चीज होते ते खुर्ची बदलताना. तेच संभाषण कर्मचाऱ्याच्या जागेवरून दाखवायचे. समोरून आपलाच आवाज, आपलेच शब्द ऐकू येतात. आपण वाक्य मध्येच तोडतो, हे बहुतेकांना इथेच कळते. हा भाग नसलेले सॉफ्टवेअर मी घेणार नाही.

त्यानंतरची चर्चा किमान 20 मिनिटे. ‘कसे वाटले?’ विचारले की ‘अगदी खरे वाटले’ असे हेडसेटचे कौतुक ऐकायला मिळते. विचारायचे ते हे: कोणत्या वाक्यानंतर त्याने नजर वळवली? त्याऐवजी काय म्हणता आले असते? मग लगेच दुसरी फेरी, आणि आठवड्याने तिसरी.

खर्चाचे म्हणाल, तर पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीच्या 2020 च्या अभ्यासात व्हीआरचा खर्च वर्गातल्या प्रशिक्षणाच्या बरोबरीला आला तो 375 प्रशिक्षणार्थींवर. 20-30 जणांसाठी स्वतःची संहिता बनवत बसू नये, तयार प्रसंग भाड्याने घ्यावा. आणि सरावात मिळालेले गुण वरिष्ठांकडे जाऊ देऊ नयेत. ते जातात असे कळले, की जो तो गुळगुळीत उत्तर निवडून मोकळा होतो.