आज पांढरी माती डोक्यातून जातच नाहीये

दिवसभर लॅबमध्ये केओलिनच्या मागे होते, पाय दुखतायत पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. केओलिन म्हणजे तीच पांढरी चिनी माती, जिची कपबशी बनते, तिच्यात शुद्ध असेल तर साधारण ३९ टक्के अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) असतो आणि आम्हाला त्यातून ९९.९९ टक्के शुद्ध अॅल्युमिना हवाय, म्हणजे सगळी अशुद्धी मिळून दहा लाखात फक्त १०० भाग!

माती आधी ७०० डिग्रीच्या आसपास भाजायची, त्याशिवाय अॅसिड तिला नीट विरघळवतच नाही. मग गरम हायड्रोक्लोरिक अॅसिड, सिलिका खाली गाळात राहते, अॅल्युमिनियम द्रावणात येतं, पण त्याच्याबरोबर लोहही येतं आणि द्रावण पिवळंधमक होतं. मग त्यात हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला की अॅल्युमिनियम क्लोराइडचे स्फटिक खाली बसायला लागतात आणि लोह बऱ्यापैकी वरच राहतं. आज दुसऱ्यांदा विरघळवून परत स्फटिक काढले तेव्हा ते इतके पांढरेशुभ्र आले ना, मी नुसती बघत उभी राहिले. खरंच डोळे भरून आले.

पुढे हेच भाजून अॅल्युमिना, त्यातून एलईडीसाठीचा नीलम, लिथियम बॅटरीतल्या सेपरेटरवरचा, म्हणजे दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणाऱ्या पडद्यावरचा, पातळ थर, जो सेल तापला तरी पडदा आकसू देत नाही. अॅसिड परत मिळवून वापरणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, नाहीतर खर्च आणि घाण दोन्ही वाढणार. स्फटिकांत अशुद्धी म्हणून सोडियम किती उरलंय त्याचा रिपोर्ट उद्या येईल, जीव तिकडेच लागलाय.