उतरतंय म्हणाले

बाबा खोटं बोलले. दुपारपासून तेवढंच डोक्यात घोळतंय.

सकाळी नेहमीसारखे पंचगंगेवर जाऊन आले. छत्री दारात ठेवली आणि मी न विचारताच म्हणाले, "उतरतंय गं पाणी. जा तू निवांत लेहला." दुपारी फोनवर राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा आकडा आला, ३४ फूट ५ इंच. सकाळी ३४ फूट १ इंच होता. म्हणजे चढतंय. वर गगनबावड्याला तर पाऊस धो धो चाललाय.

इशारा पातळी ३९ फुटांची, धोक्याची ४३. अजून अवकाश आहे, कळतंय मला. पण बाबांनी असं सांगावं? गल्लीत कुणीही विचारू दे, इंचासकट सांगणारा माणूस. २०१९ ला बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा मी पुण्यात, हायवे शिरोलीजवळ बंद. रोज फोनवर बाबांचं एकच, "काही नाही, बाहेरच आहे पाणी." घरी पोचले तर जिन्यात खिळ्यानं ओढलेली रेघ, माझ्या कमरेएवढी. नंतर रंगकाम झालं तरी ती रेघ त्यांनी बुजवू दिली नाही.

म्हणजे खरा आकडा घरात असणाऱ्यांसाठी. मी त्यांच्या लेखी सकाळीच घराबाहेर पडले होते. हेच लागलं मनाला. बॅग भरता भरता रडूच आलं. वाटलं, कशाला ते लेह, कोण बोलावतंय मला तिथं? आईला म्हटलं, सिलिंडर तरी वर चढवून जाते. तर, "मी बघते की, तू कशाला?" तिचे गुडघे... जाऊ दे.

संध्याकाळी बाबांनी बॅग उचलून बघितली. चेनमध्ये अडकलेला स्वेटरचा धागा दातानं तोडला, चेन दोनदा मागंपुढं केली. मग आईला कांदा-लसूण चटणीला आणखी एक पिशवी घालायला लावली, तेल सुटतंय म्हणून. त्यांना मी जायला हवीय. माझ्याइतकीच, कदाचित जास्तच. हे दिसल्यावर भांडायचं काय?

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघतेय. तिकडं इकडचं प्रीपेड सिम चालत नाही म्हणून पोस्टपेड करून घेतलंय. बाबांना एवढंच म्हटलं, रोज आकडा पाठवा, इंचासकट. "बरं," म्हणाले. तालमीतल्या पोरांनाही सांगून ठेवलंय. ३९ झालं की माळ्यावर सामान तेच चढवतील, आणि मला फोन बाबांच्या आधी त्यांचा येईल.